हिल्डीने पुसलेला चौकोन

फेब्रुवारीत हिल्डी सावात्स्कीचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. तळघराच्या जिन्यात उभं राहून नवऱ्याने, वाल्डीने, विचारलं, "कॉफी टाकू की पाद्रीबुवांना बोलवू?"

हिल्डी हसली नाही. त्या कॉम्प्युटरात तिची तीस वर्षं होती. ती सर्किट बोर्ड काढायची, म्हणजे हिरव्या पाटीवर तांब्याच्या रेघा कुठून कुठे जातील ते आखायची. कॅनडात, दक्षिण मॅनिटोबातल्या आमच्या भागात दर दुसऱ्या शेतावर डुकरांचं गोठाघर आहे आणि प्रत्येक गोठाघराच्या भिंतीवर एक करडी पेटी असते. पंखे थांबले किंवा आत उकाडा वाढला की ती पेटी मालकाला फोन करते. उन्हाळ्यात पंखे बंद पडले तर तासाभरात जनावरं गुदमरतात, म्हणून माणसं त्या पेटीच्या भरवशावर लग्नाला जातात, चर्चला जातात, झोपतात. आतला बोर्ड हिल्डीने आखलेला असायचा. कॉर्नी बर्गनच्या वर्कशॉपमध्ये त्याच्यावर सुटे भाग डागले जायचे आणि पेट्या विकल्या जायच्या. प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईत गव्हाची एक छोटी ओंबी असे. सही करण्याऐवजी ती ओंबी काढायची.

आकडे, नकाशे सगळं तिने जपून दुसरीकडे ठेवलं होतं. अडचण वेगळीच होती. त्या फाइली उघडणारं सॉफ्टवेअर फक्त त्या मेलेल्या कॉम्प्युटरवर चालायचं. मागच्या बाजूला एक प्लास्टिकची चावी खोचावी लागे, आणि तसली खोबण असलेला कॉम्प्युटर आता कुणी बनवत नाही. बोर्ड तर लागणारच होते. आमच्याकडे वीज पडते आणि पेट्या जळतात. शिवाय जुने सुटे भाग बाजारातून जातात, मग आखणीत थोडा बदल करूनच नवे बोर्ड छापावे लागतात.

सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी दोनदा विकली गेली होती. नवे मालक ते विकत देत नव्हते, वर्षाच्या भाड्याने देत होते, आणि एका वर्षाचं भाडं वाल्डीच्या ट्रकपेक्षा महाग होतं.

"घे की भाड्याने," कॉर्नी म्हणाला. "अर्धे मी देतो."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पुन्हा रडू."

"मी नाही रडत. मी शोधते."

हिल्डी प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते. आमच्या गावात त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही, सगळेच घालतात. पण हिल्डीला फुकट किंवा स्वस्त मिळवलेल्या वस्तूचा अभिमान वाटतो, आणि तो तिला लपवता येत नाही. मार्चभर ती स्वस्तातलं, जुन्या फाइली वाचणारं सॉफ्टवेअर शोधत होती. एकाने फाइल उघडली, पण सगळी भोकं गायब. दुसऱ्यात पूर्ण बोर्ड आरशात दिसावा तसा उलटा आला. तिसऱ्याचे लोक फोनवर फार गोड बोलले. आधी फाइल साध्या मजकुराच्या रूपात साठवून पाठवा, म्हणाले. तसं साठवणं फक्त त्या मेलेल्या सॉफ्टवेअरलाच जमत होतं. चौथ्याने महिनाभर फुकट वापरू दिलं आणि नेमकं फाइल उघडण्याचं बटण बंद ठेवलं.

"खानावळीत बसायला जागा देतात, ताट देत नाहीत, तसं झालं," वाल्डी म्हणाला.

शेवटी तिला जगभरच्या हौशी माणसांनी मिळून बनवलेलं एक सॉफ्टवेअर मिळालं. एक पैसा न देता. विनिपेगच्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याकडून तिने जुनी खोबण असलेला कॉम्प्युटर चार दिवस उसना आणला, सगळ्या फाइली साध्या रूपात साठवल्या आणि त्या नव्यात ओढल्या. गोठाघराच्या अलार्मचा बोर्ड पडद्यावर उमटला. भोकं जागेवर, रेघा जागेवर. कोपऱ्यातली ओंबी कुसळांसकट आली होती. ती बघून हिल्डीने वाल्डीला हाक मारली.

त्या रविवारी दुपारी तिच्याकडे फास्पाला, म्हणजे पाव, जाम, चीज आणि कॉफी घ्यायला, क्लिपनस्टाइन भाऊ आले होते. थोरला इसब्रांट आणि धाकटा याश. दोघांची शेतं एका कच्च्या रस्त्याच्या दोन बाजूंना. इसब्रांटची डुकरं, याशची सूर्यफुलं. लग्नं झाली, मुलं झाली, तरी चर्चमध्ये ते लहानपणापासून बसत त्याच बाकावर बसायचे. कॉर्नीही आला होता.

"फुकट!" हिल्डी म्हणाली. "तीस वर्षांचं काम उघडलं, एक डॉलर न देता."

"म्हणजे आता पेटीपण फुकट का?" इसब्रांटने विचारलं.

"तू डुकरं फुकट वाटतोस का रे?" कॉर्नी म्हणाला.

"याशला देतो की."

"हाडं देतो," याश म्हणाला. "आणि बदल्यात माझ्या फोनवर स्वतःचा अलार्म लावून ठेवलाय. बाहेरगावी जातो हा, आणि दचकून उठायचं मी."

"भाऊ कशाला असतो मग?"

"तेच विचारतोय मी आईला, जन्मल्यापासून."

हिल्डीने आणखी पाव आणले. ती फार खुशीत होती.

आता त्या बोर्डाविषयी थोडं सांगायला हवं. त्यावर दोन भाग असतात. एक भाग गोठाघरातली उष्णता मोजतो, दुसरा फोन लावतो. प्रत्येक भागाला स्वतःचं ग्राउंड, म्हणजे वीज परत जायची वाट, असतं आणि ती दोन ग्राउंडं एकाच ठिकाणी जोडावी लागतात, नाहीतर एका भागाचा निरोप दुसऱ्याला पोचत नाही. हिल्डीच्या जुन्या सॉफ्टवेअरला हे जोडणं चूक वाटायचं. वेगळ्या नावाच्या दोन तारा एकमेकींना लागल्या की ते ओरडायचं. म्हणून त्या काळी बोर्ड आखणारे सगळेच एक युक्ती करायचे. तार म्हणून न काढता, चित्र काढल्यासारखा तांब्याचा एक लहानसा चौकोन मधे ठेवायचे. सॉफ्टवेअरला तो नक्षी वाटायचा आणि ते गप्प बसायचं. हिल्डीनेही तसाच ठेवला होता. कुठे लिहून ठेवलं नव्हतं, कारण ते हातालाच माहीत होतं, आणि हात ती सगळी वर्षं त्याच सॉफ्टवेअरवर होता.

नव्या सॉफ्टवेअरने जुनी फाइल तपासली आणि शेकड्याने चुका दाखवल्या. अशा ओढून आणलेल्या फाइलीत त्या येतातच. अक्षरं रेघेला लागली, भोकाची कड अरुंद आहे, नक्षीचं तांबं कशालाच जोडलेलं नाही. बहुतेक खोट्या. हिल्डीने पहिल्या काही नीट पाहिल्या. मग एकेका प्रकारच्या चुका एकदम निपटायला लागली. 'बेवारस तांबं काढून टाका' असं एक बटण होतं. तिने ते दाबलं. यादी रिकामी झाली. बोर्ड छापायला गेले.

कॉर्नीच्या टेबलावर ते बोर्ड नीट चालले. तपासणीच्या उपकरणाच्या काळ्या चिमट्यानेच दोन्ही ग्राउंडं आपोआप जोडली जात होती. गोठाघरातही ते चालले, कारण मेन लाइन असेपर्यंत बॅटरी भरणाऱ्या चार्जरमधून तीच जोडणी होत होती. मेन लाइन गेली, पेटी बॅटरीवर आली, की जोडणी तुटायची. उष्णता मोजणारा भाग हाका मारायचा, फोनच्या भागाला ऐकू यायचं नाही. म्हणजे वीज असताना ती पेटी बोलत होती आणि वीज गेली की मुकी.

मे महिन्यात इसब्रांटची जुनी पेटी विजेने जळली होती. नव्यातली पहिली त्याच्याकडे लागली. दर रविवारी चर्चला निघण्याआधी तो तिचं चाचणीचं बटण दाबायचा. त्याच्या आणि याशच्या खिशातले फोन वाजायचे. याश पलीकडून ओरडायचा, "कळलं रे बाबा!"

जुलैत इसब्रांट मेव्हणीच्या मुलीच्या लग्नाला शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतात गेला. तिथल्या खेड्यात त्याच्या फोनला रेंज नव्हती, सगळा भरवसा याशच्या फोनवर होता. त्या दुपारी ढग कोरडेच गडगडले आणि कुठेतरी खांब पडून फक्त त्याच्या बाजूची लाइन गेली. याश गावात बेसबॉलच्या सामन्याला होता. फोन त्याच्याजवळच होता. संध्याकाळी परतताना त्याला रस्त्यावरच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भावाच्या शेतावरून कायम येणारा पंख्यांचा आवाज येत नव्हता. ट्रॅक्टरला जनरेटर जोडून त्याने पंखे चालू केले, पण आतलं काही हलत नव्हतं. नऊशेच्या आसपास जनावरं होती.

"वाजलाच नाही," याश म्हणाला.

"रविवारी वाजला होता," इसब्रांट म्हणाला. "तुझ्याच खिशात वाजला. सामना रंगला होता ना?"

"इसब्रांट, फोन हातात होता माझ्या."

"बॅट होती तुझ्या हातात."

पेटी कॉर्नीकडे आली. कॉर्नीने आणि हिल्डीने मिळून तिला टेबलावर बसवलं, काळा चिमटा लावला. बॅटरीवर टाकूनही पाहिलं. चिमटा काढायचं कुणाला सुचलं नाही, कारण तो कधीच कुणी काढत नसे. फोन लगेच वाजला. पुढच्या रविवारी चर्चच्या अंगणात, प्रार्थना सुटल्यावर लोक कॉफीचे कप घेऊन उभे असताना कुणीतरी विचारलंच. हिल्डी म्हणाली, "बोर्डात काही दोष नाही. मी स्वतः तपासलाय."

याश तिथेच उभा होता. त्याने कप पायरीवर ठेवला आणि तो ट्रककडे गेला. त्यानंतर तो चर्चमध्ये दिसला नाही. बाकावर इसब्रांटच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी राहू लागली आणि तिथे कुणी बसत नव्हतं.

ऑगस्ट संपता संपता कॉर्नीला धान्य वाळवण्याच्या यंत्राचा जुना बोर्ड हवा होता. हिल्डीने तीच वाट धरली. फाइल ओढली, चुका आल्या, एकेक प्रकार निपटू लागली. बटणावर हात असताना तिची नजर पडद्यावरच्या एका चौकोनाकडे गेली. दोन ग्राउंडांच्या मधोमध. आपलाच हात ओळखायला तिला वेळ लागला नाही. तिने अलार्मची फाइल उघडली. ती जागा रिकामी होती. कोपऱ्यात ओंबी होती.

जेवायला हाक मारूनही ती वर आली नाही तेव्हा वाल्डी खाली गेला. ती खुर्चीत बसलेली होती आणि पडदा बंद होता.

"परत मेला का?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "चांगला चाललाय."

त्या बनावटीच्या आणखी पंधरा-सोळा पेट्या गावोगाव लागलेल्या होत्या. तिने कॉर्नीला सांगितलं की बोर्डात एक लहानशी सुधारणा करायची आहे, मीच फिरून करते. कॉर्नीने तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि गिऱ्हाइकांची नावं दिली. सप्टेंबरभर वाल्डी ट्रक चालवत होता आणि ती गोठाघरांतून शिडीवर चढून, पेटी उघडून, इंचभर तारेचा तुकडा डागून खाली उतरत होती.

"काय झालं होतं गं?" लोक विचारायचे.

"काही नाही. आणखी चांगलं केलं."

"हिल्डीचं काम पक्कं," लोक म्हणायचे. एकीने टोमॅटो दिले, एकाने सॉसेज. ट्रकमध्ये त्या पिशव्या साचत गेल्या. हिल्डी घरी त्यातलं काही खाईना.

एकदा परतीच्या वाटेवर वाल्डी म्हणाला, "इसब्रांटकडे कधी जायचं?"

"त्याचं गोठाघर रिकामं आहे. घाई नाही."

"पेटीची नसेल."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. याशच्या शेतात सूर्यफुलं माना टाकून काळी पडली होती.

"तुला कसं कळलं?" तिने विचारलं.

"अगं, सुधारणा करायला एवढी घाबरलेली बाई मी पाहिली नाही कधी."

"सांगायचंय मला."

"मग सांग."

"आधी सगळ्यांच्या पेट्या होऊ देत. तिथं जिवंत जनावरं आहेत."

ते खरंच होतं. पण फक्त तेवढंच खरं नव्हतं आणि ते तिलाही माहीत होतं. पेट्या करायला तारेचा तुकडा पुरत होता. जसजशा पेट्या संपत आल्या तसतसं तिच्याकडे पुढे ढकलायचं कारण उरेना.

ऑक्टोबरात आमच्याकडे प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये सगळे मिळून भाकर आणि द्राक्षरस घेतात. त्याच्या आदल्या रविवारी पाद्रीबुवा दरवर्षी तेच सांगतात. कुणाशी काही बिनसलं असेल, कुणाचं काही केलं असेल, तर या आठवड्यात त्याच्या दारात जाऊन या, मग भाकरीला हात लावा. बहुतेक लोक ते ऐकून घेतात आणि घरी जाऊन जेवतात. त्या वर्षी ते सांगत असताना बरीच डोकी इसब्रांटच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे वळली. इसब्रांट ताठ बसून राहिला. हिल्डी मागच्या बाकावर होती. तिला त्याचं डोकं दिसत होतं आणि त्याच्या बाजूची ती जागा.

शनिवारी ती एकटीच गाडी घेऊन त्याच्याकडे गेली. गोठाघर धुऊन, चुना मारून तयार होतं. नवी पिल्लं यायची होती. ती शिडीवर चढली, तार डागली, पेटी मिटवली. इसब्रांट खाली शिडी धरून उभा होता.

"तुझे उपकार आहेत हिल्डी," तो म्हणाला. "तू स्पष्ट बोललीस म्हणून निकाल तरी लागला. नाहीतर मी अजून पेटीलाच शिव्या देत बसलो असतो."

हिल्डी एक पायरी उतरली आणि थांबली.

"पेटीलाच दे," ती म्हणाली. "ती नाही वाजली. बोर्ड मी बिघडवला होता. याशचा फोन वाजलाच नाही."

इसब्रांटने शिडी सोडली नाही. तिने सगळं सांगितलं. फुकटचं सॉफ्टवेअर, यादी, बटण, चौकोन, चिमटा.

"कधी कळलं तुला?"

"ऑगस्टच्या शेवटी."

"बाकीच्यांच्या पेट्या?"

"झाल्या सगळ्या. तुझी शेवटची."

"म्हणजे सगळ्यांच्या गोठाघरात जाऊन आलीस तू. टोमॅटो घेत." तो हळू बोलत होता. "आणि मी इथं त्यानंतरही सहा आठवडे भावाच्या दारासमोरून तोंड फिरवून ट्रक नेतोय."

"हो."

"खाली ये."

ती उतरली. त्याने हाताने आपल्या ट्रककडे खूण केली. दोघं रस्ता ओलांडून पलीकडे गेले, जेमतेम चालत जाण्याएवढं अंतर, पण इसब्रांटने ट्रकच काढला. याश अंगणात यंत्राला ग्रीस भरत होता. ट्रक पाहून त्याने काम थांबवलं नाही. इसब्रांट खाली उतरला नाही. हिल्डी उतरली.

तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. गेलं नाही.

याशने फडक्याला हात पुसले, बोट न बोट.

"म्हणजे नाही वाजला."

"नाही."

"तू चर्चच्या अंगणात काय म्हणाली होतीस, आठवतं?"

"बोर्डात काही दोष नाही. मी स्वतः तपासलाय."

"सगळ्यांसमोर."

"हो."

"मग मला कशाला सांगतेस? मला माहीतच होतं." त्याने ग्रीसची नळी पुन्हा उचलली. "जिथं म्हणालीस तिथं सांग."

रविवारी प्रभुभोजनाच्या आधी लोक अंगणात जमत होते. हिल्डी पायरीवर उभी राहिली. तिला मोठ्याने बोलायची सवय नव्हती, म्हणून पहिलं वाक्य दोनदा म्हणावं लागलं. "जुलैत मी इथं म्हणाले होते की बोर्डात दोष नाही. दोष होता, आणि तो मी केलेला होता. याशचा फोन वाजला नव्हता." मग तिने तो चौकोन कसा पुसला ते थोडक्यात सांगितलं. बऱ्याच जणांना त्यातलं काही कळलं नाही. शेवटचं वाक्य मात्र सगळ्यांना कळलं. "ऑगस्टपासून मला माहीत होतं."

तिला टोमॅटो देणारी बाई कपात बघत होती. कॉर्नी येऊन तिच्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "चिमटा माझा होता." त्याने तिचं ओझं काही हलकं झालं नाही.

याश कुंपणाबाहेर ट्रकला टेकून उभा होता. तो आत येणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. इसब्रांट गर्दीतून निघाला, फाटकापाशी गेला आणि फाटकाच्या अलीकडेच थांबला.

"पिल्लं मंगळवारी येतायत," तो म्हणाला.

"बरं."

"पेटी झालीय. मेन बंद करून पाहिली काल. वाजते."

"कुणाचा नंबर आहे तिच्यात?"

"माझाच. तुझा काढला होता मी."

याशने टोपी काढून ट्रकच्या टपावर ठेवली. "टाक परत," तो म्हणाला. "आणि तुझा काढ. बॉलच्या सामन्याला जाणार नाहीस तू कधी, पण लग्नं काही सुटत नाहीत तुझी."

इसब्रांटने फाटक उघडलं. दोघं आत आले आणि हिल्डीच्या समोरून पायरी चढले. इसब्रांटने मान हलवली. याशने तिच्याकडे पाहिलं नाही.

हिल्डी बाहेरच राहिली. आतून गाणं सुरू झालं तेव्हा वाल्डी दारात येऊन तिची वाट पाहत उभा होता. तिने मानेने नाही म्हटलं. मग कठड्यावर लोकांनी तसेच ठेवलेले कप तिने गोळा केले आणि ते धुवायला ती चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात उतरली.